पावसाळ्यातही सुरळीत उघडणारी दागिन्यांची पेटी

गोव्यातील अनेक घरांत दागिन्यांची लाकडी पेटी पिढ्यानपिढ्या जपलेली आढळते. वर्षभर कपाटात राहणारी ही पेटी घरच्या मंगलकार्याला, देवळाच्या जत्रेला आणि विशेषतः चवथीला बाहेर निघते. चवथ येते भाद्रपदात. त्या वेळी पाऊस ओसरलेला नसतो, भिंतींना ओल असते आणि नेमका त्याच दिवशी पेटीचा खण अडकून बसतो. जोराने ओढावे तर मूठ निखळून हातात येते. सुरी घालून उचकटावे तर दर्शनी फळीची कड फुटते. पुढे माघ-फाल्गुनात तीच पेटी हलविली की खण आतल्या आत खुळखुळू लागतात.

अशा वेळी दोष पावसाला दिला जातो, किंवा लाकूड वाईट निघाले असे म्हटले जाते. पुष्कळदा यांपैकी कोणताही दोष खरा नसतो. लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते, हा त्याचा स्वभावच होय. हा स्वभाव ध्यानात न घेता केलेली पेटी पहिल्याच पावसाळ्यात अडते. तो ध्यानात घेऊन केलेली पेटी नातीच्या हातीही सुरळीत उघडते. गावातील सुताराने केलेली पेटी एकदा अडली की गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याकडे येत नाही, ते शहरातील दुकानातून दाबलेल्या भुशाच्या फळीची चकचकीत पेटी विकत आणते. म्हणूनच खणांची पेटी कशी करावी, आणि ती तशीच का करावी, याची माहिती सुतारांप्रमाणेच गिऱ्हाइकांना, शिक्षकांना व ग्रामोद्योगाशी संबंधित कर्मचाऱ्यांनाही असणे उपयुक्त ठरेल.

जुना वारसा

खणांच्या पेट्या करण्याची विद्या गोव्याच्या सुतारांना नवी नाही. सतराव्या शतकात येथे ‘कोंतादोर’ या नावाने ओळखली जाणारी, अनेक लहान लहान खणांची कपाटे तयार होत असत. सागाच्या सांगाड्यावर काळ्या आबनुसाची व हस्तिदंताची जडणी केलेली ही कपाटे समुद्रमार्गे युरोपात जात. त्यांतील काहींच्या पायांना नागकन्यांच्या आकृत्या कोरलेल्या आढळतात; घाट परदेशी असला तरी हात येथलाच होता, याची ती खूण होय. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि लिस्बनचे राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालय येथे असे नमुने जपून ठेविले आहेत. हस्तिदंताचा व्यापार आता कायद्याने बंद झाला आहे, आणि तो झाला हे योग्यच झाले. परंतु दमट किनाऱ्यावर बसून अचूक सरकणारा खण करण्याचे जे कसब त्या कपाटांत दिसते, ते आजही तितकेच मोलाचे आहे.

लाकूड का फुगते?

लाकूड म्हणजे बारीक, पोकळ तंतूंची जुडी होय. हवा दमट झाली की तंतूंच्या भिंती ओलावा शोषून जाड होतात व हवा कोरडी झाली की त्या आकसतात. तंतू जाडीने वाढतात, लांबीने जवळजवळ वाढत नाहीत. यामुळे फळीची लांबी बाराही महिने तीच राहते, रुंदी मात्र ऋतूप्रमाणे बदलते. पेटीच्या बांधणीतील सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

हा बदल किती असतो? सागाच्या फळीतील ओलाव्याचे प्रमाण एक टक्क्याने वाढले की साध्या चिराईच्या फळीची रुंदी सुमारे ०.२ टक्के वाढते. उन्हाळा व पावसाळा यांत ओलाव्याचा फरक पाच टक्के पडला असे धरल्यास दर १०० मिलिमीटर रुंदीमागे एक मिलिमीटर वाढ होते. आकडा लहान वाटतो. पण खण आणि त्याचा गाळा यांत एक मिलिमीटरही मोकळी जागा नसेल, तर खण घट्ट बसण्यास तो पुरेसा असतो.

फळीच्या टोकाकडून पाहिल्यास झाडाच्या वाढीची वलये दिसतात. वलयांच्या रेघा उभ्या असतील तर ती फळी आडव्या वलयांच्या फळीच्या मानाने साधारण निम्मीच फुगते. खणांच्या दर्शनी फळ्यांसाठी व बाजूंसाठी अशा उभ्या वलयांच्या फळ्या निवडून ठेवाव्यात.

लाकडाची निवड व वाळवण

या कामासाठी साग सर्वांत विश्वासाचा. तो कमी वाकतो, हत्यारांना साथ देतो आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. शिवण हे वजनाने हलके व स्थिर लाकूड असून खणांच्या बाजूंसाठी उत्तम असते. फणसाचे लाकूड प्रथम पिवळे असते व कालांतराने तपकिरी होत जाते. त्याचा रंग दर्शनी भागाला शोभतो. शिसव जड, काळसर व महाग असल्याने ती मुठींसाठी किंवा कडेच्या पट्ट्यांसाठी वापरावी. आंबा स्वस्त मिळतो, परंतु त्याला भुंगा लवकर लागतो. कोणतेही लाकूड असो, सालीलगतचा पांढुरका भाग काढून टाकावा, कारण कीड प्रथम तेथेच शिरते.

पेटीसाठी झाड तोडण्याची आवश्यकता नसते. पुढे दिलेल्या मापांची पेटी केल्यास तयार भागांचे लाकूड घनफुटाच्या सहाव्या हिश्शाइतकेच भरते. रंध्याचा व करवतीचा घसारा धरून दुप्पट घेतले तरी ते घनफुटाच्या एक तृतीयांशाहून अधिक होत नाही. दारे-खिडक्यांच्या कामातून उरलेले तुकडे किंवा मोडीत काढलेला जुना सागवानी वासा यांतून हे काम सहज भागते. जुने लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने ते अधिकच चांगले. मात्र त्यातील खिळे शोधून काढल्याखेरीज त्यावर रंधा चालवू नये. स्वतःच्या जमिनीतील झाड तोडावयाचे झाल्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

लाकूड वाळले की नाही हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. फळीचा लहान तुकडा कापून त्यावर खूण करावी आणि दर आठवड्याला तो बारीक काट्यावर तोलावा. गावातील सोनाराचा काटा यासाठी उत्तम. लागोपाठ तीन आठवडे वजन तेच भरले, तर लाकडातील ओलावा भोवतालच्या हवेशी समतोल झाला असे समजावे. फळ्या एकमेकींवर थेट न ठेवता मध्ये बारीक पट्ट्या घालून, सावलीत व वाऱ्यावर रचाव्यात. उन्हात टाकलेली फळी तडकते. रंधून जवळपास जाडीला आणल्यावर फळ्या आठवडाभर घरातच ठेवाव्यात. त्या काळात ज्यांना वाकावयाचे असते त्या वाकून जातात, व त्यानंतर शेवटचा रंधा मारता येतो.

दागिन्यांवरून मापे

पेटीची मापे दागिन्यांवरून ठरवावीत. बांगड्यांचे माप ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’, ‘दोन-आठ’ असे सांगतात. त्यातील पहिला आकडा इंचांचा व दुसरा इंचाच्या सोळाव्या हिश्शांचा असतो. म्हणजे दोन-आठ मापाच्या बांगडीचा आतील व्यास अडीच इंच, सुमारे ६४ मिलिमीटर होतो. सोन्याची जाडी धरून बाहेरचा व्यास ७० मिलिमीटरपर्यंत जातो. बांगड्या व पाटल्या उभ्या रांगेत राहाव्यात यासाठी तळच्या खणाला तेवढी मोकळी उंची हवी. नथ, कुड्या, अंगठ्या यांना उथळ खण पुरतो. मंगळसूत्र व गळ्यातील माळांना मध्यम.

यावरून तीन खणांच्या पेटीची मापे पुढीलप्रमाणे घेता येतील. बाहेरून रुंदी ३०० मिलिमीटर, खोली २०० व उंची २१०. सांगाड्याच्या चारही फळ्या १२ मिलिमीटर जाडीच्या. खण वेगळे करणाऱ्या दोन आडव्या फळ्या ८ मिलिमीटर जाडीच्या. वरच्या गाळ्याची उंची ३५ मिलिमीटर, मधल्याची ५० व खालच्याची ८५. या तीन उंची, दोन आडव्या फळ्या आणि माथा व तळ यांची जाडी मिळून बरोबर २१० होतात. काम सुरू करण्यापूर्वी ही मापे एका पट्टीवर खुणांनी उतरवून घ्यावीत व पुढे प्रत्येक भाग त्याच पट्टीवरून आखावा. दर वेळी नव्याने मोजल्याने चुका वाढतात.

सांगाडा

बाजूच्या फळ्यांचे तंतू उभे व माथा, तळ आणि मधल्या फळ्यांचे तंतू डावीकडून उजवीकडे जाणारे ठेवावेत. असे केल्याने सर्व फळ्या पुढून मागे, एकाच दिशेने, बरोबरीने फुगतात व आकसतात. कोणीही कोणाला अडवीत नसल्यामुळे सांधा उकलत नाही व फळी फाटत नाही.

चारही कोपरे शक्यतो डव्हटेल सांध्याने जोडावेत. एका फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते कापावयाचे व दुसरीत त्याच आकाराच्या खाचा कोरावयाच्या, हा तो सांधा होय. दात्याची तिरपी बाजू सहा ते आठ भाग लांबीस एक भाग इतकीच कलती असावी. कल अधिक दिल्यास दात्याचे टोक तुटते. आधी दाते कापून तेच दुसऱ्या फळीवर ठेवून टोकदार सुरीने आखणी करावी. पेन्सिलीची रेघ जाड येते. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवावी व उरलेले पटाशीने दोन्ही बाजूंनी निम्मेनिम्मे काढावे. नवशिक्याने पायरीसारखी खाच पाडून, सरस लावून व तिरप्या भोकांत बांबूच्या खुंट्या ठोकून कोपरे जोडले तरी चालते. बांबूच्या खुंट्या गंजत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

मधल्या फळ्यांसाठी दोन्ही बाजूंच्या आतील अंगास ४ मिलिमीटर खोल खाचा पाडाव्यात. म्हणजे गाळ्याची रुंदी २७६ मिलिमीटर असली तरी या फळ्यांची लांबी २८४ येईल. मागे पायरी पाडून पातळ प्लायवूडची पाठ बसवावी. पाठ बसविण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत; ते समान भरले तरच सांगाडा गुण्यात आहे असे समजावे. सांगाडा तिरका राहिला तर पुढे कितीही घासले तरी खण सरळ चालणार नाही.

सागाच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. त्यात नैसर्गिक तेल असते व त्यामुळे सरस नीट धरत नाही. जोडावयाचा भाग ताजा रंधलेला असावा किंवा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावा. जुना जनावरी सरस दमट हवेत मऊ पडतो. किनाऱ्यावरील कामासाठी बाजारातील पांढरा कृत्रिम सरस अधिक बरा.

खण

आता मुख्य भाग. सांगाड्याच्या बाजूंचे तंतू उभे असल्यामुळे गाळ्याची उंची ऋतूप्रमाणे बदलत नाही. खणाच्या दर्शनी फळीचे व बाजूंचे तंतू मात्र आडवे असतात, म्हणून खणाची उंची पावसाळ्यात वाढते. न बदलणाऱ्या गाळ्यात वाढणारा खण, हेच खण अडण्याचे कारण. खणाची रुंदी तंतूंच्या लांबीकडून असल्याने ती वाढत नाही. तेव्हा मोकळी जागा ठेवावयाची ती वरच्या बाजूस. दोन्ही अंगांस नव्हे. अनेक सुतार घाईत चारही बाजूंनी सारखेच घासतात. परिणामी खण वर अडतो आणि आडवा हलतोही.

वरती किती जागा ठेवावी, यासाठी पत्त्यांच्या जोडातील पाने फार उपयोगी पडतात. एक पान साधारण ०.३ मिलिमीटर जाड असते. कोरड्या दिवसांत, म्हणजे माघ ते वैशाख या काळात पेटी करीत असल्यास वरच्या खणावर एक पान, मधल्यावर दोन व खालच्यावर तीन पाने सहज सरकतील इतकी जागा असावी. ऐन पावसाळ्यात करीत असल्यास लाकूड आधीच फुगलेले असते. तेव्हा खण केवळ विनासायास सरकेल इतकाच सैल ठेवावा, पुढे तो आपोआप सैल होणारच आहे. रुंदीस मात्र दोन्ही मिळून अर्धा मिलिमीटर पुरे, आणि खणाची मागील बाजू पुढच्या बाजूपेक्षा केसभर अरुंद ठेवावी.

खणाच्या बाजू ८ मिलिमीटर व दर्शनी फळी १२ मिलिमीटर जाड घ्यावी. खण ओढताना सगळा ताण दर्शनी फळीवर येतो. म्हणून शेपटीचे दाते बाजूंच्या फळ्यांना व खाचा दर्शनी फळीला असाव्यात. उलट केल्यास फळी पुढे निसटू शकते. दर्शनी फळीतील खाचा आरपार न नेता पुढे तीन-चार मिलिमीटर लाकूड राखावे, म्हणजे सांधा समोरून दिसत नाही. तळ ४ मिलिमीटर प्लायवूडचा, खालच्या कडेपासून ५ मिलिमीटर वर पाडलेल्या खाचेत सरकवून बसवावा.

खणाची लांबी १९० मिलिमीटरच ठेवावी, म्हणजे पाठीमागे सुमारे चार मिलिमीटर जागा मोकळी राहील. सांगाड्याची खोली ऋतूप्रमाणे दोनएक मिलिमीटर बदलते, खणाची लांबी बदलत नाही. खण पाठीला टेकवून बसविला, तर कोरड्या दिवसांत तो पुढे डोकावू लागतो. त्याऐवजी मधल्या फळीवर, दर्शनी फळीच्या लगेच मागे येईल अशी तीन मिलिमीटर जाडीची लहान चकती सरसाने चिकटवावी. खण तेथेच थांबतो व दर्शनी बाजू सदैव एका रेषेत दिसते. शेवटी खण जेथे घासतात त्या कडांवर मेण चोळावे. तेथे पॉलिश किंवा तेल लावू नये. दमट हवेत ते चिकटते.

पॉलिश, अस्तर व पितळी सामान

चपडीचे पॉलिश अशा पेटीला शोभून दिसते. परंतु पावसाळी हवेत लावलेली चपडी पांढुरकी पडते, म्हणून हे काम कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावे. सांगाड्याच्या फळ्यांना आतूनही एक हात द्यावा. एकाच अंगास पॉलिश असलेली फळी वाकण्याचा संभव असतो. खणांच्या आत तेल कधीही लावू नये. त्याचा वास राहतो व कापडावर डाग पडतात.

अस्तरासाठी सुती मखमल घ्यावी. लोकर व रबर यांत गंधकाचा अंश असतो व त्यामुळे चांदी लवकर काळी पडते. मोती नाजूक असून आम्लाने त्यांचे तेज जाते. म्हणून मोत्यांची नथ किंवा तन्मणी मऊ सुती फडक्यात गुंडाळून वेगळ्या कप्प्यात ठेवावी. पॉलिश व सरस यांचा वास पूर्णपणे जाईपर्यंत, निदान तीन-चार आठवडे, खण उघडे ठेवून मगच दागिने आत ठेवावेत.

मुठी, कुलूप व स्क्रू पितळेचे असावेत. खाऱ्या हवेत लोखंड गंजते व दमट लाकडावर त्याचे काळे डाग उमटतात. पितळी स्क्रू मऊ असल्याने पिळताना त्याचे डोके तुटते. आधी भोक पाडून त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा फिरवून काढावा व त्याच वाटेने पितळी बसवावा. येथे एवढे सांगितले पाहिजे की पेटीचे लहान कुलूप मुलांच्या हातांपासून दागिने राखते, चोरापासून नव्हे. भारी दागिन्यांची जागा बँकेच्या लॉकरमध्येच असावी.

सुताराच्या हाताला काम

या पेटीत कच्चा माल थोडा व हाताचे काम अधिक असते. तिच्या किमतीचा मोठा हिस्सा कारागिराच्या घरातच राहतो, ही बाब ग्रामीण रोजगाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पावसाळ्यात घरबांधणीची कामे थांबतात. सुके लाकूड हाताशी असल्यास त्या काळात सुताराला पडवीत बसून सांधे कापता येतात आणि पॉलिश पाऊस सरल्यावर करता येते. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईसाठी पेट्या तयार ठेवावयाच्या असतील, तर हे वेळापत्रक सोयीचे आहे.

हत्यारांसाठी व भांडवलासाठी साहाय्यही उपलब्ध आहे. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून सुतारकाम त्यांपैकी एक होय. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने, तारणाशिवाय, प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपये कर्ज अशी या योजनेची रचना आहे. गावपातळीवरील पडताळणी ग्रामपंचायतीमार्फत होते. पंचायत सचिवांनी गावातील सुतारांना ही माहिती स्वतःहून दिल्यास अनेकांची अडचण दूर होईल.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना कालखंड सुचविला असून त्या काळात मुलांनी सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे अशी कल्पना आहे. वलयांची दिशा पाहणे, लाकडाचा तुकडा दर आठवड्याला तोलून नोंद करणे, पावसाआधी व पावसात फळीची रुंदी मोजणे हे प्रयोग विज्ञानाचे व गणिताचेही आहेत, आणि त्यांना खर्च जवळजवळ येत नाही.

पेटी पुरी झाल्यावर सुताराने तिच्या तळाशी, आतल्या बाजूस, ती केल्याचा महिना व वर्ष लिहून ठेवावे. पुढे एखाद्या पावसाळ्यात खण अडलाच, तर दुरुस्ती करणाऱ्याला ती कोरड्या हवेत केली होती की ओल्या, हे कळेल. असा खण लगेच रंधू नये. पेटी कोरड्या खोलीत ठेवून हवा सुकण्याची वाट पाहावी व मगच, अडतो तेवढीच वरची कड, एका रंध्याने उतरवावी. भर पावसात भरपूर तासलेला खण फाल्गुनात खुळखुळू लागतो, आणि तासलेले लाकूड परत लावता येत नाही.